अलॉय व्हीलची चमक परत आणताना या चुका टाळा

स्पोर्ट्स कारची चाके काळवंडली की बहुतेक मालक थेट मेटल पॉलिशचा डबा उघडतात, आणि नुकसानीची सुरुवात बहुधा तिथेच होते. चाक रुपेरी दिसते म्हणून हाताला लागतो तो धातूच असेल असे मानता येत नाही. वर रंग आणि क्लिअर कोट (पारदर्शक संरक्षक थर) असू शकतो, पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेली रंगाची पूड), अ‍ॅनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने धातूवर तयार केलेला ऑक्साइडचा कडक थर) किंवा क्रोम असू शकते, किंवा खरोखरच पॉलिश केलेले उघडे अ‍ॅल्युमिनियम असू शकते. यांपैकी एकाला मानवणारे रसायन दुसऱ्याला जाळते. त्यामुळे ओळख पटेपर्यंत पाणी आणि सौम्य कार शाम्पू यांखेरीज चाकाला काहीही लावू नये.

ओळख पटवताना होणारी पहिली चूक म्हणजे चाकाच्या मागच्या बाजूवर चाचणी घेऊन पुढच्या बाजूचा निष्कर्ष काढणे. अनेक चाकांचा आतला भाग रंगवलेला असतो आणि दर्शनी भाग डायमंड कट (लेथ यंत्रावर तासून चकचकीत केलेला) किंवा पॉलिश केलेला असतो. म्हणून चाचणी दर्शनी भागावरच, पण मधल्या टोपीखाली किंवा नटांच्या खोबणीजवळ, सहज दिसणार नाही अशा जागी घ्यावी. पांढऱ्या सुती कापडावर थेंबभर मेटल पॉलिश घेऊन ती जागा हलक्या हाताने चोळावी. कापड लगेच काळे झाले तर अ‍ॅल्युमिनियम उघडे आहे. कापडावर चाकाचाच रंग उतरला तर वर क्लिअर कोट नसलेला रंग आहे. कापड जवळजवळ स्वच्छ राहिले तर क्लिअर कोट, पावडर कोटिंग, अ‍ॅनोडायझिंग आणि क्रोम या चारही शक्यता उरतात.

पुढचा निवाडा मल्टिमीटर करतो. कंटिन्युइटीवर (वीज वाहते का ते आवाजाने सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही टोके पृष्ठभागावर अलगद टेकवली की क्रोमवर आवाज येतो. क्लिअर कोट, पावडर आणि अ‍ॅनोडायझिंग वीज वाहू देत नाहीत, म्हणून तिथे मीटर गप्प राहतो. टोके दाबून धरू नयेत, कारण अ‍ॅनोडायझिंगचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा असतो आणि टोक तो भेदून खालच्या धातूला भिडते. यानंतर भिंगातून एखादा जुना ओरखडा पाहावा. क्लिअर कोटच्या ओरखड्याला कडा असते, तिथून थर उचललेला किंवा पिवळट झालेला दिसतो. अ‍ॅनोडायझिंग मात्र धातूपासूनच तयार झालेले असल्यामुळे त्याचे पापुद्रे निघत नाहीत.

घडणीवरूनही बरेच कळते. ओतीव चाकांच्या मिश्रधातूत सिलिकॉन जास्त असते आणि त्यावर अ‍ॅनोडायझिंग करड्या, मळकट छटेचे येते. त्यामुळे लखलखीत अ‍ॅनोडायझिंग प्रामुख्याने फोर्ज केलेल्या (दाबाखाली ठोकून घडवलेल्या) चाकांवर आढळते. 1966 मध्ये पोर्शे 911 एसवर आलेली फुक्स चाके हे याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. अशा जुन्या चाकांचे अ‍ॅनोडायझिंग कोणीतरी मध्येच काढून टाकून वर क्लिअर मारलेला असण्याची शक्यताही लक्षात ठेवावी. केवळ मॉडेलच्या नावावरून फिनिश ठरवणे धोक्याचे आहे.

नाशिकमध्ये सर्वाधिक नुकसान वॉशिंग सेंटरवर होताना दिसते. फरशीचे अ‍ॅसिड पाण्यात मिसळून किंवा कॉस्टिकयुक्त (तीव्र अल्कली असलेला) डिग्रीजर फवारून चाके धुतली जातात. अ‍ॅल्युमिनियम आणि त्याचा ऑक्साइड हे दोन्ही तीव्र आम्लात विरघळतात आणि तीव्र अल्कलीतही, म्हणून अ‍ॅनोडायझिंगवर एकदा पांढुरके ओघळ उठले की ते पॉलिशने जात नाहीत. सप्तशृंगी गडाचा घाट उतरून आलेल्या गाडीच्या तापलेल्या चाकांवर तर क्लीनर क्षणात वाळतो आणि डाग तिथेच बसतो. चाक हाताला थंड लागेपर्यंत थांबावे, पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) क्लीनर वापरावा आणि बोअरचे जड पाणी चाकावर वाळू न देता मऊ कापडाने टिपून घ्यावे.

दिंडोरी आणि निफाडच्या पट्ट्यात आणखी एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, फवारले जाते. बागेशेजारी उभ्या गाडीवर त्याचे तुषार बसतात. तांबे अ‍ॅल्युमिनियमवर साचले की तिथे बारीक खड्डे पडू लागतात, आणि उघडे पॉलिश केलेले चाक त्याला सर्वांत आधी बळी पडते. निळसर ठिपके दिसताच त्याच दिवशी भरपूर पाण्याने चाके धुवावीत.

डायमंड कट चाकावर क्लिअरखाली पांढऱ्या, अळीसारख्या वळवळत गेलेल्या रेषा दिसतात, तेव्हा वरून रबिंग करण्यात काही अर्थ नसतो. फुटपाथला घासलेल्या कडेतून किंवा ठोकून बसवलेल्या बॅलन्सिंगच्या वजनाखालून ओल आत शिरते आणि गंज क्लिअरखाली पसरत जातो. क्लिअर पूर्ण काढून, लेथवर पुन्हा कट घेऊन, नव्याने क्लिअर मारणे हाच उपाय आहे. प्रत्येक कटला धातूचा पातळ थर कायमचा जातो, त्यामुळे हे काम मोजक्याच वेळा करता येते. नंतर चिकटवायची वजनेच आतल्या बाजूला लावून घ्यावीत. क्रोमचे पापुद्रे निघाले असतील तर तेही घासून सुधारत नाहीत. जुना थर उतरवून नव्याने मुलामा द्यावा लागतो.

अंबड आणि सातपूर एमआयडीसीत पावडर कोटिंग व अ‍ॅनोडायझिंगची जॉबवर्क करणारी युनिट्स आहेत, पण पॅनेल आणि ब्रॅकेटसाठी बसलेली पद्धत चाकाला जशीच्या तशी लावू देऊ नये. जुना रंग भट्टीत जाळून काढण्यास स्पष्ट नकार द्यावा. अलॉय चाकांना मजबुती देणाऱ्या उष्णताप्रक्रियेचा अखेरचा टप्पा साधारण 150 ते 180 अंश सेल्सिअसच्या आसपास झालेला असतो. रंग जाळणारी भट्टी 400 अंशांच्या घरात जाते आणि तिथे धातू मऊ पडतो. चाक दिसायला नवे होते, पण खड्ड्यात वाकते. ही चूक केवळ दिसण्याची नाही, जिवाशी खेळ करणारी आहे. पावडर भाजतानाही चाकाच्या मिश्रधातूला चालणारे कमी तापमानाचे पावडर मागावे. रंग रसायनाने काढावा आणि ते रसायन अ‍ॅल्युमिनियमसाठीचेच आहे याची खात्री करून घ्यावी.

कोटिंगपूर्वी नटांच्या खोबणी आणि हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) टेकणारी मागची सपाट बाजू मास्किंगने झाकून घेण्यास सांगावे. तिथे पावडरचा जाड थर राहिला तर तो दाबाखाली बसतो आणि घट्ट केलेले नट सैल पडतात. चाके चढवताना नट टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), कंपनीने दिलेल्या आकड्यावर आवळावेत आणि 50 ते 100 किलोमीटर धावल्यावर पान्याने पुन्हा तपासावेत.