ॲपमध्ये चॅट आलं, एआय आलं, आता ठेवायचं का बंद करायचं? चादर-टॉवेलवाल्यांसाठी

सोलापुरात चादर-टॉवेलचा धंदा करणाऱ्या कुणाचाही मोबाईल बघा, ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, बिल टॅलीत होतं, पैसे फोनपे नाहीतर गूगल पेवर येतात, आणि आता या सगळ्यांना एकमेकांचं काम पाहिजे झालंय. व्हॉट्सॲपनं कॅटलॉग आणि पेमेंट आणलं, टॅलीप्राइममधून बिल थेट व्हॉट्सॲपवर जायला लागलं, फोनपेनं 2020 मध्ये चॅट दिलं. हे का चाललंय ते आधी समजून घ्या, मग ठेवायचं का काढायचं ते ठरवायला सोपं जातं.

बिलाचं ॲप आपण बिलापुरतं उघडतो, पण "निळा आहे का, माल कधी निघणार, ट्रान्सपोर्ट कुठलं" हे दिवसभर चॅटवर चालतं. बिल झालं की गिऱ्हाईक आपल्या ॲपमधून बाहेर जातंय हे ॲपवाल्या कंपनीला दिसतं, आणि जिथं बोलणं होतं तिथंच उद्या बिल पण व्हायला लागलं तर आपली गरजच संपली, ही खरी भीती. नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीतले प्रोग्रॅमर जेमी झविन्स्की यांनी 1990 च्या दशकातच सांगून ठेवलंय, प्रत्येक प्रोग्रॅम ईमेल वाचता येईपर्यंत वाढत जातो आणि जो वाढत नाही त्याची जागा वाढणारा घेतो. तेव्हा ईमेल होतं, आता चॅट आहे, एवढाच फरक.

एआयचं कारण जरा वेगळं. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर एआयचं मॉडेल, म्हणजे त्याचं इंजिन, स्वतः बनवायची गरजच राहिली नाही, मोठ्या कंपन्यांकडून भाड्यानं मिळतं, त्यामुळं छोट्यातल्या छोट्या ॲपला पण एक एआयचं बटण टाकता येतं. शेजारच्यानं टाकलं म्हणून आपण पण टाकायचं, आणि नव्या फीचरच्या नावावर दर पण वाढवता येतो.

आता करायचं काय. चॅटसाठी एकच बघा, बोलणं त्या ऑर्डरला किंवा बिलाला चिकटून राहतंय का. सहा महिन्यांनी पार्टी म्हणाली "मी एवढे डझन सांगितलेच नव्हते" तर त्या बिलावरून ते बोलणं सापडलं पाहिजे. सापडतंय तर ठेवा, नुसता अजून एक इनबॉक्स असेल तर नोटिफिकेशन बंद करा आणि कॉन्टॅक्टची परमिशन काढून घ्या, कारण एकच पार्टी तीन ठिकाणी मेसेज टाकायला लागली की ऑर्डर हुकते ती तिथंच.

एआय तपासायला कंपनीचा डेमो बघू नका, स्वतःचे जुने मेसेज वापरा. आपल्याकडं एकाच ऑर्डरीत मराठी, तेलुगू, हिंदी सगळं असतं, चाटी गल्लीतला व्यापारी लिहितो "मागच्यासारखंच पाठवा, फक्त लाल कमी, पांढरा दोन डझन जास्त". असले मेसेज पार्टीचं नाव-नंबर काढून त्याला द्या आणि साइज, रंग, डझन काय काढतंय ते खऱ्या बिलाशी लावून बघा. "मागच्यासारखं" म्हणजे काय हे त्याला जुनं बिल दिसल्याशिवाय कळणारच नाही, आणि न विचारता आकडा ठोकून देत असेल तर ऑर्डरीच्या कामाला ते लावूच नका, इंग्रजी मेल लिहायला वापरा, तिथं चांगलं चालतं. पार्टीची उधारी, खातं, जीएसटीचे कागद त्यात टाकायचे नाहीत. व्हॉट्सॲपमधला मेटा एआयचा गोल पूर्ण काढता येत नाही, पण महत्त्वाच्या पार्टीच्या चॅटमध्ये नावावर टॅप करून ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी चालू करा, म्हणजे त्यातले मेसेज एआय फीचरला वापरता येत नाहीत आणि समोरच्यालाच काय, आपल्याला पण ते चॅट एक्सपोर्ट करता येत नाही.

आणि रिन्यूअलच्या आधी जुना प्लॅन आहे का हे जरूर शोधा. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी 2025 मध्ये वर्ड-एक्सेलवाल्या घरगुती मायक्रोसॉफ्ट 365 च्या प्लॅनमध्ये कोपायलट हे त्यांचं एआय टाकून बऱ्याच देशांत दर वाढवले, बिनकोपायलटचा क्लासिक प्लॅन पण होता पण तो कॅन्सल करायला गेल्यावरच दिसायचा, यावरून ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगानं त्यांना कोर्टात खेचलंय. म्हणून पैसे भरायच्या आधी एकदा कॅन्सलचं बटण दाबून पुढच्या स्क्रीनवर काय येतं ते बघा, बहुतेक ठिकाणी लगेच काही बंद पडत नाही, शेवटचं कन्फर्म तेवढं दाबू नका.