इंग्रजीत तुलना करताना विशेषणाचे रूप कसे बदलावे

मार्गशीर्षात आपल्याकडच्या वावरांत हरभरा, पऱ्हाटी आणि तूर उभी असते, तेव्हा 'तूर पऱ्हाटीपेक्षा उंच आहे' हे वाक्य लहान मूलही सहज बोलते. येथे 'पेक्षा' नामाला लागतो आणि 'उंच' हे विशेषण जसेच्या तसे राहते. इंग्रजीत 'दॅन' तर हवाच, पण विशेषणही बदलावे लागते. विदर्भातील खेड्यांतल्या मुलांच्या बहुतेक चुका याच फरकातून होतात, असे माझे मत आहे. 'दॅन' आला की काम झाले असे समजून मूल 'तूर इज टॉल दॅन कॉटन' लिहिते, तिथे 'टॉलर' हवे.

ज्या विशेषणाच्या उच्चारात एकच स्वर ऐकू येतो, त्याला दोघांच्या तुलनेत 'ई-आर' आणि अनेकांच्या तुलनेत 'ई-एस-टी' जोडावे. 'हॉट', 'बिग', 'थिन' यांच्या शेवटी एकच स्वराक्षर आणि त्यानंतर एकच व्यंजन असल्यामुळे 'हॉटर', 'बिगर' लिहिताना ते व्यंजन दोनदा लिहावे. 'लार्ज'च्या शेवटी 'ई' आधीच आहे, म्हणून तिथे नुसते 'आर' किंवा 'एस-टी' पुरते. 'ड्राय' आणि 'हेवी' यांतील शेवटच्या 'वाय'चा 'आय' होतो.

'डिफिकल्ट', 'एक्स्पेन्सिव्ह' अशा लांब शब्दांआधी 'मोर' किंवा 'मोस्ट' येते. मात्र 'जास्त गरम' या सवयीने 'मोर हॉटर' लिहू नये, कारण 'हॉटर'मध्ये 'जास्त' आलेलेच असते. फरक मोठा असेल, तर 'मच हॉटर' म्हणावे. 'व्हेरी हॉटर' चुकीचे आहे.

'गुड, बेटर, बेस्ट', 'बॅड, वर्स, वर्स्ट' आणि 'लिटल, लेस, लीस्ट' ही रूपे पाठच करावीत.

अनेकांत एक निवडताना विशेषणाआधी 'द' हवे. पुढे ठिकाण असेल तर 'इन' आणि समूह असेल तर 'ऑफ' वापरावे. विदर्भाच्या 11 जिल्ह्यांत क्षेत्रफळाने गडचिरोली सर्वांत मोठा आहे, म्हणून 'गडचिरोली इज द लार्जेस्ट डिस्ट्रिक्ट इन विदर्भ'. परीक्षेत हेच वाक्य बदलायला सांगितले, तर 'गडचिरोली इज लार्जर दॅन एनी अदर डिस्ट्रिक्ट इन विदर्भ' असे लिहावे. यातला 'अदर' गाळू नये. गडचिरोलीही विदर्भातच असल्यामुळे तो गाळल्यास हा जिल्हा स्वतःपेक्षाही मोठा ठरतो.