नादारीचा अर्ज करायचाय? आधी या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्वभागात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे हिशेब लिहीत मला बावीस वर्षं झाली. मंदी आली की दर महिन्याला कुणीतरी येतं आणि उभ्या उभ्या विचारतं, "दिवाळं काढू का? दोन शब्दांत सांगा." म्हणजे कर्ज फेडणं शक्य नाही असं कोर्टाकडून ठरवून घेण्याचा, नादारीचा अर्ज करू का? दोन शब्दांत सांगता येत नाही. आणि माणूस माझ्याकडे येतो तोवर निम्म्या चुका करून झालेल्या असतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे अर्जाआधी घर नातेवाइकाच्या नावावर करणं. बारा मागांचे एक मालक होते. व्यापाऱ्याकडे पैसे अडकले, सुताची उधारी चढली, हातउसने वाढले. चहाच्या टपरीवर कुणीतरी सल्ला दिला, "आधी घर मेव्हण्याच्या नावावर करा, मग अर्ज टाका." त्यांनी बक्षीसपत्र केलं आणि आठ महिन्यांनी अर्ज दिला. माझ्याकडे आले तेव्हा हातात चादरीची प्लॅस्टिकची पिशवी होती, आत न फोडलेल्या नोटिसा. मी एकेक पाकीट फोडत गेलो, ते खिडकीबाहेर बघत राहिले. आपल्याकडे साध्या कर्जदाराला अजून १९२०चाच नादारी कायदा लागतो. (२०१६च्या दिवाळखोरी कायद्याचा व्यक्तींबाबतचा भाग १ डिसेंबर २०१९पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला. मोबाइलवरचे व्हिडिओ हा फरक सांगत नाहीत.) या जुन्या कायद्यात हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत दिलेल्या अर्जावर माणूस नादार ठरला, तर असं फुकट दिलेलं घर रिसीव्हर, म्हणजे नादाराची मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस, कोर्टातून परत ओढू शकतो. तसंच झालं. घर गेलं, मेव्हणा कोर्टाच्या खेपा घालून थकला, बहिणीने भाऊबीजेला येणं सोडलं. ते घर नावावर तसंच राहिलं असतं, तर निदान ज्यांचे पैसे द्यायचे होते त्यांच्याशी बोलताना मालकांची मान खाली गेली नसती. एकाच सावकाराला गुपचूप आधी भागवणंही असंच अंगाशी येतं. त्याला झुकतं माप द्यायला अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत दिलेले पैसे कोर्ट रद्द ठरवू शकतं.

दुसरी चूक मला आतून लागते, ती जामीनदाराला विसरण्याची. माझे वडील गिरणीत होते. शेजाऱ्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला त्यांनी सही दिली. शेजारी हात वर करून मोकळा झाला आणि आमच्या घरी पगाराचं पाकीट कितीतरी महिने हलकं येत राहिलं. आई पीठ मोजून घ्यायची. नादारीतून तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणून अर्जाआधी जामीनदाराच्या घरी जा, समोर बसून सांगा. फोनवर नको.

बाकीच्या चुका थोडक्यात. घर तारण असेल तर बँकेचा हक्क नादारीने जात नाही. तारण घरावरच्या थकबाकीसाठी बँकेची साठ दिवसांची नोटीस आली असेल तर दिवस मोजायला लागा. चेक परत गेल्याची केस फौजदारी आहे, ती वेगळी लढावी लागते. सरकारी देणी आणि कोर्टाने ठरवलेली पोटगी कायम राहते. अर्ज दिला म्हणून वसुली थांबत नाही, त्यासाठी कोर्टाने नादार ठरवल्याचा हुकूम लागतो. नादार ठरल्यावर, मुक्तता मिळेपर्यंत, ही गोष्ट न सांगता पन्नास रुपयांची जरी उधारी केलीत तरी गुन्हा होतो. कारागिराची अवजारं, स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, मंगळसूत्र मात्र जात नाही, त्या भीतीने रात्री जागू नका. बिनपरवाना सावकार दारात दमदाटी करत असेल तर २०१४च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करा. त्यासाठी नादार होण्याची गरज नाही.

मी प्रत्येकाला दोनशे पानी वही आणायला लावतो. कुणाचे, किती, तारण काय, जामीन कोण, चेक दिलाय का, असे पाच रकाने. तीन संध्याकाळी जातात. घाई असलेले दुसऱ्या दिवशी येत नाहीत आणि वर्षाने कोर्टाची तारीख घेऊन येतात. वही भरली की उत्तर बरंचसं समोरच दिसतं. तारण, जामीन आणि चेक हे तिन्ही रकाने भरलेले असतील तर नादारीने फार काही हाती लागत नाही. त्यापेक्षा बँकेशी एकरकमी तडजोड बोला किंवा लोकअदालतीत प्रकरण ठेवा. तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही, म्हणून झेपेल तोच आकडा कबूल करा. तिन्ही रकाने जवळजवळ रिकामे असतील, देणी हातउसनी आणि कार्डाची असतील आणि कमाईतून व्याजही फिटत नसेल, तर अर्ज करायला लाजू नका.

वकिलाकडे जाताना वही न्या आणि नोटिसा पाकिटांसकट न्या. पाकीट फेकू नका. नोटीस कधी आली हे ठरवायला त्यावरचा पोस्टाचा शिक्का उपयोगी पडतो.