कॉन्फिगचे कॉन्स्टंट नक्की ठेवायचे कुठे?

वेब ॲपमध्ये एखादी व्हॅल्यू कुठे लिहायची असा प्रश्न पडला की आधी एवढंच बघा, हाच कोड तुमच्या लॅपटॉपवर, टेस्ट सर्व्हरवर आणि लाइव्ह सर्व्हरवर टाकला तर ती व्हॅल्यू बदलेल का? बदलणार नसेल तर ते कॉन्फिग (म्हणजे जागेनुसार बदलणारी सेटिंग) नाहीच, साधा कॉन्स्टंट आहे, आणि तो जिथे वापरताय त्याच फाइलमध्ये वर लिहून टाका. एका पानावर २० रेकॉर्ड दाखवायचे, पासवर्ड किमान १२ अक्षरी हवा, असल्या गोष्टी. अख्ख्या ॲपचे कॉन्स्टंट एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये कोंबतात ते मला अजिबात पटत नाही, काही महिन्यांनी त्यातलं कुठलं कशाला लागतं हे कोणाला सांगता येत नाही आणि मग काढायची हिंमतही होत नाही.

डेटाबेसचा पत्ता, मेल सर्व्हर, एपीआय की (बाहेरची सेवा वापरायला लागणारी गुप्त किल्ली) हे मात्र जागेनुसार बदलतं, म्हणून ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडच्या बाहेर त्या त्या मशीनवर ठेवलेल्या व्हॅल्यूंमध्ये. हेरोकू या क्लाउड होस्टिंगवाल्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप या नियमावलीत याची मस्त कसोटी दिलीय: आत्ताच्या आत्ता कोड ओपन सोर्स केला तर एखादा पासवर्ड उघडा पडेल का? पडत असेल तर तो चुकीच्या जागी आहे.

लॅपटॉपवर डॉट-ईएनव्ही (.env) फाइल वापरा, तिच्यात ही व्हेरिएबल लिहितात, पण पहिल्या कमिटच्या आधी तिचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइल्सच्या यादीत) टाका, आणि सोबत फक्त नावं असलेली, व्हॅल्यू रिकाम्या ठेवलेली एक नमुना फाइल रेपोत ठेवा म्हणजे नवीन माणसाला काय काय भरायचंय ते कळतं. चुकून एपीआय की कमिट होऊन पुश झालीच तर फाइल डिलीट करून भागत नाही हं, गिटच्या हिस्टरीत ती तशीच राहते, ती की रद्द करून नवीनच घ्यायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच राहून जातं. एन्व्हायर्नमेंट वाचायचं काम एकाच कॉन्फिग मॉड्यूलला द्या, बाकी कोडने त्याच्याकडूनच मागायचं. कारण तिथून येणारी प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग असते, तुम्ही डीबग समोर फॉल्स लिहिलं तरी जावास्क्रिप्ट काय किंवा पायथन काय, रिकामी नसलेली स्ट्रिंग खरीच धरतात, म्हणजे तुम्ही बंद केलेला डीबग मोड लाइव्हवर चालूच राहतो! म्हणून नंबर, बूलियन वगैरे तिथेच कन्व्हर्ट करा, आणि आवश्यक व्हॅल्यू सापडली नाही तर ॲप सुरूच होऊ देऊ नका, कुठलं नाव गायब आहे ते एररमध्ये स्पष्ट लिहा. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये तर हे पाळावंच लागतं, कॉन्फिग कॅश केलं (एकदा वाचून साठवून ठेवलं) की डॉट-ईएनव्ही फाइल लोडच होत नाही, त्यामुळे कॉन्फिग फाइल्सच्या बाहेर तिच्यातली व्हॅल्यू थेट मागितली तर नल, म्हणजे काहीच नाही, हातात येतो.

फ्रंटएंडचं वेगळं आहे. व्हीट (Vite) या फ्रंटएंड बिल्ड टूलमध्ये ठरावीक प्रीफिक्स लावलेली व्हेरिएबल बिल्डच्या वेळीच जावास्क्रिप्टमध्ये चिकटवली जातात, ब्राउझर उघडून कोणीही वाचू शकतो. तिथे सीक्रेट टाकूच नका, ज्या कामाला सीक्रेट लागतं ते सर्व्हरवरून करा.