सेगमेंट राउटिंग: लेबलची रेंज आधी ठरवा, कॉन्फिगरेशन नंतर

सेगमेंट राउटिंगमध्ये पॅकेटने कुठून जायचं ते स्रोत राउटर त्यावर लेबलं लावून ठरवतो. एमपीएलएस (लेबल बघून पॅकेट पुढे पाठवण्याची पद्धत) लेबल २० बिटचं, म्हणजे ० ते १०,४८,५७५. त्यातली ० ते १५ राखीव. उरलेल्यांतून प्रीफिक्स-एसआयडीसाठी (नेटवर्कभर चालणारी नोडच्या पत्त्याची ओळख) बाजूला काढलेला गट म्हणजे एसआरजीबी (सेगमेंट राउटिंग ग्लोबल ब्लॉक). सिस्को आयओएस एक्सआरवर तो मुळात १६००० ते २३९९९ असतो, अरिस्टावर ९००००० पासून ६५,५३६ लेबलांचा. दोन कंपन्यांचे राउटर एकाच नेटवर्कमध्ये आले की पहिला निर्णय इथेच घ्यावा लागतो.

प्रत्येक नोडला, म्हणजे राउटरला, इंडेक्स द्यायचा असतो. पायाचा आकडा (एसआरजीबीतलं पहिलं लेबल) अधिक इंडेक्स म्हणजे लेबल. पाया १६००० आणि इंडेक्स १०१ असेल तर लेबल १६१०१. पॅकेट पुढे पाठवणारा राउटर हा हिशेब स्वतःच्या पायावरून करत नाही, पुढच्या राउटरने आयएस-आयएस किंवा ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलमधून जाहीर केलेल्या पायावरून करतो. त्यामुळे पाया वेगवेगळा असला तरी साधी वाहतूक नीट चालते, आणि नवखे इथेच निर्धास्त होतात.

अडचण एनीकास्टला येते, म्हणजे एकच पत्ता एकाहून जास्त राउटरना दिलेला असतो तेव्हा. अ आणि ब यांचा एनीकास्ट-एसआयडी एकच, पण अ चा पाया १६००० आणि ब चा ९०००००, असं समजा. स्रोत राउटरला आधी या जोडीपैकी कुणाकडे तरी आणि तिथून इंडेक्स १०१ कडे जायचंय. पॅकेटवर दोन लेबलं एकावर एक लागतात: वरचं या जोडीसाठी, खालचं इंडेक्स १०१ साठी. खालचं लेबल १६१०१ ठेवावं की ९००१०१? पॅकेट कुणाकडे पोहोचेल ते त्याला ठाऊकच नसतं. १६१०१ घेऊन पॅकेट ब कडे गेलं तर ते टाकलं जाईल, किंवा तो आकडा ब ने दुसऱ्याच कामाला वापरला असेल तर भलतीकडे जाईल. म्हणून सगळ्या राउटरवर एकच एसआरजीबी ठेवा. बिघाड शोधतानाही १६१०१ दिसलं की नोड कोणता ते लगेच कळतं, ही सोय फार मोलाची आहे.

आकार ठरवताना आजचे नोड मोजून थांबू नका. फ्लेक्स-अल्गोमध्ये (वेगळ्या निकषांवर वेगळे मार्ग काढण्याची सोय) प्रत्येक अल्गोरिदमसाठी नोडला वेगळा इंडेक्स लागतो. २,००० नोड आणि मूळ मार्गांशिवाय दोन फ्लेक्स-अल्गो म्हटले की ६,००० इंडेक्स संपले. ८,००० च्या गटात वाढीला फारशी जागा उरत नाही.

लिहिण्याच्या पद्धतीतही फरक आहे. आयओएस एक्सआरमध्ये ‘सेगमेंट-राउटिंग ग्लोबल-ब्लॉक १६००० २३९९९’ असं लिहिताना दुसरा आकडा शेवटच्या लेबलचा. जुनॉसमध्ये ‘एसआरजीबी स्टार्ट-लेबल १६००० इंडेक्स-रेंज ८०००’, इथे दुसरा आकडा संख्येचा. इंडेक्स ० पासून मोजतात, त्यामुळे ८,००० लेबलांत शेवटचा इंडेक्स ७९९९. कुणी ८००० दिला तर त्या नोडसाठी लेबलच बसत नाही.

चालू राउटरवर रेंज बदलायची असेल तर नव्या पट्ट्यातली लेबलं एलडीपी किंवा बीजीपी या लेबलं वापरणाऱ्या दुसऱ्या प्रोटोकॉलने आधीच घेतलेली नाहीत ना, हे ‘शो एमपीएलएस लेबल टेबल’मध्ये बघा. घेतलेली असतील तर ती मोकळी करायला राउटर रीलोड करावा लागू शकतो. आधी आयएस-आयएसचा ओव्हरलोड बिट (‘माझ्यामार्गे वाहतूक नेऊ नका’ अशी इतरांना खूण) लावून त्यावरून जाणारी वाहतूक हटवा. लेबलचे आकडे थेट लिहिलेल्या एसआर पॉलिसी (स्रोत राउटरवर ठरवून दिलेले मार्ग) हाताने बदला, त्या आपोआप सुधारत नाहीत. मग शेजारच्या राउटरवर ‘शो आयएसआयएस डेटाबेस व्हर्बोज’ चालवून नवा पाया आणि रेंज तिथे पोहोचलेत का ते पाहा. ते दिसल्यावरच ओव्हरलोड बिट काढा.