परसातली द्राक्षवेल: सांगलीच्या हवेत दोन छाटण्या, एक पीक

द्राक्षवेल मुळात हिवाळ्यात पानं गाळणारी. थंड मुलुखात ती तीन-चार महिने झोपते, ऊब आली की आपोआप फुटते आणि त्या फुटीवर घड येतात. सांगलीत एवढी थंडीच पडत नाही, त्यामुळे वेल झोपत नाही. वर्षभर हिरवी राहते, मांडव व्यापते आणि घड मात्र चार-दोनच देते. ‘वेल जोरात आहे, पण द्राक्षं लागत नाहीत’ या तक्रारीचं मूळ इथेच आहे. थंडीचं काम इथे कात्रीला करावं लागतं, तेही वर्षातून दोनदा: एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. पहिल्या छाटणीत पुढच्या हंगामाची काडी, म्हणजे घड देणारी फांदी, तयार होते, दुसरीत त्या काडीतला घड बाहेर येतो. यातली एक चुकली तर दुसरीने ती भरून निघत नाही.

जागा आणि जमीन

तासगाव, मिरज पूर्व, कवठेमहांकाळ, खानापूर, जत, आटपाडी, तसंच सातारा जिल्ह्यातले खटाव-माण, हा सगळा कोरड्या हवेचा भाग वेलीला मानवतो. वाई-जावळीच्या पश्चिमेला, महाबळेश्वरच्या बाजूला पाऊस इतका की वेल जगेल, पण करपा रोगापायी काडी पिकणार नाही, म्हणजे तपकिरी आणि टणक होणार नाही. तिकडे हा खटाटोप करू नये.

अंगणात दिवसाला निदान सात तास थेट ऊन पडणारी जागा निवडा. आंब्याच्या किंवा नारळाच्या सावलीत वेल लांबट वाढते आणि काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, वांझ राहतात. कृष्णाकाठची भारी काळी माती असेल तर अडीच फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. तळाला अर्धा फूट मुरूम टाका. वर निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून खड्डा जमिनीच्या चार बोटं वर येईल इतका भरा, कारण पहिल्या पावसात तो खचतोच. मुळाशी पाणी साचलं की वेल पिवळी पडते आणि खत घालून ती सुधारत नाही.

मिरज-वाळवा पट्ट्यात उसाच्या पाण्याने क्षारपड झालेली जमीन बरीच आहे. तिथे पानाच्या कडा करपून तपकिरी होतात. म्हणूनच स्वतःच्या मुळावरचं रोप न घेता डॉगरिज खुंटावरचं कलमी रोप घ्या; खुंट म्हणजे कलमाचा खालचा, मुळांचा भाग. हा खुंट क्षार आणि पाण्याचा ताण दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा. कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर तरी राहिला पाहिजे. तो मातीत गेला तर वरच्या जातीलाच मुळं फुटतात आणि खुंटाचा उपयोग संपतो. जोडाखालून फुटणारे खुंटाचे धुमारे दिसतील तेव्हा तेव्हा मोडून टाका.

जात कोणती

थॉमसन आणि तिच्यातून तासगाव तालुक्यातल्या बोरगावात निवडलेली तास-ए-गणेश, या आपल्याकडच्या मुख्य जाती. मात्र बाजारातला टपोरा मणी जीएच्या, म्हणजे जिबरेलिक अॅसिडच्या बुडवणीतून येतो. घरी ती करायची नसेल तर याच जातीचे मणी बारीक येतील. गोडी पुरेपूर असते, घराला तेवढं पुरतं. मुळातच मोठा मणी हवा असेल तर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची मांजरी नवीन ही जात पाहा. फवारणी जवळजवळ करायचीच नसेल तर बंगळूर पर्पल लावा. बिया असतात, साल जाड असते, पण रोगाला ती काटक आहे आणि तिचा रस उत्तम निघतो.

मांडव आणि सांगाडा

दहा फूट बाय दहा फुटांचा, सात फूट उंच मांडव एका वेलीला पुरतो. चार कोपऱ्यांना लोखंडी अँगल किंवा दगडी खांब रोवा, कडेने १० गेजची जी.आय. तार ओढा आणि आत दीड-दीड फुटावर १२ गेजच्या तारांची जाळी करा. फळ धरलेल्या वेलीला वारा लागला की ओझं खांबावर येतं, म्हणून कोपऱ्याचे खांब दोन फूट तरी जमिनीत हवेत आणि बाहेरच्या बाजूने ताणाने बांधलेले हवेत.

रोपावरची एकच जोमदार फूट ठेवा, बांबूला सैल सुतळीने बांधत वर न्या आणि पानांच्या बगलेतून निघणाऱ्या बगलफुटी दोन पानांवर खुडा. फूट तारेच्या वर गेली की तारेच्या अर्धा फूट खाली शेंडा मारा, म्हणजे टोक खुडा. तिथून दोन फुटी निघतील. त्या विरुद्ध दिशांना तारेवर वळवल्या की ते तुमचे दोन ओलांडे. ओलांडा एका दमात पाच फूट पळू देऊ नका. आठ-नऊ पानं झाली की शेंडा मारायचा, बगलेतून फुटी निघू द्यायच्या आणि टोकाची फूट पुन्हा पुढे न्यायची. घाईत नेलेल्या ओलांड्याचा मधला भाग कायमचा उघडा राहतो, त्यावर नंतर काडी येत नाही. ओलांड्याच्या दोन्ही अंगांना वीत-वीत अंतरावर एक मालकाडी (घड धरणारी काडी), म्हणजे अख्ख्या वेलीवर २५ ते २८ मालकाड्या झाल्या की सांगाडा पूर्ण. लावणीपासून पहिलं पीक साधारण दोन वर्षांनी येतं. त्याआधी दिसलेला घड काढून टाका.

एप्रिल: खरड छाटणी

फळ उतरवल्यावर वेलीला पंधरा दिवस ते तीन आठवडे विश्रांती द्या, पाणी सुरू ठेवा. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मालकाडी तळाशी एक किंवा दोन डोळे ठेवून कापा. वेल अगदी बोडकी दिसते, आणि तशीच दिसली पाहिजे. नवख्या हाताने चार-पाच डोळे राखले तर दर वर्षी काडी ओलांड्यापासून दूर जाते आणि मधे सुकं लाकूड वाढत राहतं. उघड्या ओलांड्यांवर एप्रिलचं ऊन थेट पडतं, साल भाजते. त्यावर चुन्याची निवळी फासा किंवा फुटी निघेपर्यंत संध्याकाळी पाणी शिंपडा.

छाटणीच्या आठवडाभर आधी बुंध्यापासून दोन फुटांवर चर काढून दोन घमेली शेणखत आणि पाव किलो सिंगल सुपर फॉस्फेट गाडा. फुटी निघाल्यावर महिन्याभरात ५० ग्रॅम युरिया दोनदा. पाणी रोज ३० लिटरच्या आसपास.

यापुढे खरं कौशल्य. छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. ऑक्टोबरनंतर दिसणारा घड याच काळात ठरलेला असतो. या दिवसांत युरिया पूर्ण बंद आणि पाणी निम्म्याहून कमी. पानांची दाटी झाली असेल तर विरळ करा, कारण डोळ्यावर ऊन पडलं तरच तो फळाचा होतो. नेमका याच सुमारास मृग लागतो, आभाळ भरतं आणि वेल शेंडा पळवायला लागते. छाटणी मेअखेरीस ढकलली की ही नाजूक अवस्था थेट पावसाळ्यात जाते. अशा वेलीवर ऑक्टोबरात फूट येते, घड येत नाही.

फुटीला सात-आठ पानं झाली की पाचव्या पानावर शेंडा मारा. टोकाच्या डोळ्यातून निघणारी बगलफूट पुढे वाढू द्या, खालच्या बगलफुटी काढा. ही पुढची फूट म्हणजे सबकेन. दोन्हींच्या जोडाशी जी गाठ पडते तिच्या आजूबाजूचे डोळे बहुधा फळाचे निघतात. सबकेनलाही दहा पानांवर शेंडा मारून थांबवा. ६० दिवसांनंतर सल्फेट ऑफ पोटॅश ५० ग्रॅम, महिन्याच्या अंतराने तीनदा द्या म्हणजे काडी पिकते. स्वस्त पडतं म्हणून म्युरिएट ऑफ पोटॅश घालू नका. त्यातलं क्लोराईड द्राक्षाला बाधतं.

ऑक्टोबर: गोडी छाटणी

परतीचा पाऊस ओसरल्यावर, साधारण १० ते २५ ऑक्टोबर. बागायतदार बाजारभावासाठी सप्टेंबरात छाटतात आणि पावसाची जोखीम घेतात. घरच्या वेलीला तो धोका पत्करायचं कारण नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतरही छाटू नका. थंडीत डोळे रखडत फुटतात आणि फळ एप्रिलच्या तापात सापडतं.

आठ-दहा दिवस आधी पाणी तोडा आणि पानं हाताने काढा. डोळे किंचित फुगू लागले की कात्री लावा. तपकिरी, पेन्सिलीएवढी काडीच राखायची. हिरवट, बारीक काड्या तळातून काढा. सरळ काडी सहा ते आठ डोळ्यांवर कापा. सबकेन असेल तर गाठीच्या वर एक-दोन डोळे ठेवून कापा. काप डोळ्यापासून बोटभर वर आणि उतरता घ्या. डोळ्याला चिकटून कापलं तर तो वाळतो.

सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून बागेत हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे रसायन कातडी भाजतं, श्वासावाटे जातं आणि आगेमागे दारू घेतलेल्या माणसाला गंभीर त्रास देतं. अंगणात, पोराबाळांच्या घरात ते आणू नका. त्याऐवजी काडी कमानीसारखी वाकवून तारेला बांधा. टोकाच्या डोळ्याचं वर्चस्व कमी होतं आणि मधले डोळेही फुटतात. फूट थोडी मागेपुढे होईल, त्याने घरच्या वेलीचं काही बिघडत नाही.

डोळा फुगून कोंब बाहेर पडू लागतो त्या पोंगा अवस्थेत उडद्या भुंगेरे रात्रीतून डोळे पोखरतात. दिवसा ते सुट्या सालीखाली लपतात, म्हणून छाटणीबरोबरच खोडाची-ओलांड्याची जुनी साल हाताने सोलून जाळा. पिठ्या ढेकूण पण तिथेच दडून असतो.

पाच-सहा पानांवर घड दिसू लागले की वांझ फुटींपैकी जादा फुटी काढा आणि एका काडीवर एकच घड ठेवा. अख्ख्या वेलीवर २५ ते २८ घड पुष्कळ झाले, त्यातून दहा-बारा किलो द्राक्षं मिळतात. घड लहान असतानाच पिळवटून बाळीसारखा, म्हणजे वेलीच्या तंतूसारखा, होत असेल तर घड जिरतोय असं समजा: नत्र जास्त, पाणी जास्त किंवा सलग ढग. शेंडा लगेच मारा आणि पाणी कमी करा. घडाच्या पुढे दहा-बारा पानं राहतील एवढीच फूट ठेवा.

रोग

केवडा, ज्याला बागेत डाऊनी म्हणतात, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात येतो. पानावर तेलकट पिवळे डाग, त्याच जागी खालून पांढरी बुरशी. कोवळ्या घडावर गेला तर दोन दिवसांत घड वाळतो. पाऊस येण्याआधी मॅन्कोझेब लिटरला २ ग्रॅम, तेही फुलोऱ्याच्या आतच. फुलोऱ्यानंतर घरच्या फळावर ते नको. डिसेंबरपासून भुरीची पाळी: मण्यांवर राखेसारखी पूड, नंतर मणी तडकतात. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर फवारा. पारा ३२ अंशांच्या वर असताना गंधकाने पानं भाजतात.

पावसाळ्यातल्या करप्याला बोर्डो मिश्रणच चांगलं. एक टक्क्याचं दहा लिटर करायचं तर १०० ग्रॅम मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात रात्रभर विरघळवा. दुसऱ्या प्लॅस्टिकच्या बादलीत १०० ग्रॅम चुना पाच लिटर पाण्यात कालवून गाळून घ्या. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात सावकाश ओता, काठीने ढवळत राहा. घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा मिनिटभर त्यात धरा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, आणखी चुन्याची निवळी घाला. खिळा जसाच्या तसा निघाला की मिश्रण तयार. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी ते फाटतं. कोवळ्या पानांवर अर्ध्या टक्क्याचंच मारा.

नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हा रोग नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही. फेरस सल्फेट लिटरला २ ग्रॅम, आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारा.

पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत

मणी मऊ पडून चमकू लागले म्हणजे पाणी उतरलं. इथून सल्फेट ऑफ पोटॅश ५० ग्रॅम पंधरवड्याने दोनदा द्या. या टप्प्यावर पाण्यात खंड पाडून एकदम भरपूर दिलं की मणी चिरतात, म्हणून रोज थोडं आणि सारखं द्या. रात्र फार गार आणि दुपार तापलेली असली की पांढऱ्या जातींच्या मण्यांवर गुलाबी छटा येते. त्याआधीच घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा, ऊन आणि पाखरं दोन्हींपासून तो वाचतो. शेवटचे दहा दिवस पाणी निम्म्यावर आणा.

थॉमसन गटातल्या जाती छाटणीपासून १२० ते १३० दिवसांत तयार होतात. घडाच्या टोकाचा मणी चाखा. टोकाचा मणी सर्वांत शेवटी गोड होतो, तो गोड लागला की घड कापा. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे आंबट कापलेला घड आंबटच राहतो.

जादा झाली तर बेदाणा करा. त्यासाठी घड आणखी आठ-दहा दिवस वेलीवर राखून साखर वाढू द्या. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल (बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवायचं तेल) नीट घुसळा. स्वच्छ घड त्यात दोन ते चार मिनिटं बुडवा आणि वारा खेळेल अशा सावलीत जाळीवर एका थराने पसरा. मार्चच्या कोरड्या हवेत दहा ते पंधरा दिवसांत वाळतो. चार किलो द्राक्षांचा एक किलोच्या आसपास बेदाणा होतो. थेट उन्हात वाळवलेला काळपट पडतो.