राजारामपुरीत लॅपटॉप घ्यायला निघण्यापूर्वीची तयारी

दोन लॅपटॉपांची कोटेशने हातात आली आहेत, दोन्हींची किंमत ४०,००० रुपयांच्या आगेमागे आहे आणि घरात प्रत्येकाचे मत वेगळे आहे, अशा वेळी बहुतेक जण थेट कोल्हापूरच्या राजारामपुरीत किंवा स्टेशन रोडवर जातात आणि दुकानात जो समोर चालू दिसेल तो घेऊन येतात. मी उद्यमनगरातील लहान कारखान्यांचे हिशेब लिहिते आणि स्वतःसाठी व त्या कारखानदारांसाठी ही खरेदी मी अनेकदा केली आहे. त्यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे: लॅपटॉपमधील जे नंतर बदलता येत नाही ते आधी तपासावे आणि जे नंतर बदलता येते त्यावरून दोघांत निवड करू नये. खालची सगळी तयारी त्याच क्रमाने लिहिली आहे.

दुकानात जाण्याच्या आदल्या संध्याकाळी एका कागदावर आपल्या कामाचा सर्वांत धावपळीचा दिवस लिहून काढावा. रोजचा साधा दिवस लिहू नये, कारण साध्या दिवशी कोणताही लॅपटॉप पुरतो. माझ्याबाबतीत तो दिवस महिन्याच्या ११ किंवा २० तारखेचा असतो. ११ला जीएसटीआर-१ आणि २०ला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची मासिक विवरणपत्रे भरायची असतात, त्यामुळे हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर, दोन-तीन मोठ्या एक्सेल फायली, जीएसटीचे पोर्टल, बँकेचे पान, व्हॉट्सॲप वेब आणि कोणीतरी मोबाइलवर काढून पाठवलेल्या बिलांची जाडजूड पीडीएफ हे सगळे एकाच वेळी उघडे असते. शिक्षकाच्या कागदावर ऑनलाइन तास आणि प्रश्नपत्रिका येतील, दुकानदाराच्या कागदावर बिलिंग आणि बारकोडचा प्रिंटर येईल. हा कागद लिहिल्याशिवाय पुढच्या कोणत्याही आकड्याला अर्थ येत नाही.

त्याच संध्याकाळी एक पेनड्राइव्ह भरून ठेवावा. त्यात आपली सर्वांत जड एक्सेल फाइल, एक स्कॅन केलेली पीडीएफ, मराठीत टाइप केलेले एक पत्र आणि दोन मिनिटांचा एखादा घरगुती व्हिडिओ असावा. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर तोही सोबत घ्यावा. दुकानातील डेमो व्हिडिओ प्रत्येक लॅपटॉपवर सुंदरच दिसतो; आपली स्वतःची फाइल उघडायला किती वेळ लागतो, हे मात्र दोन लॅपटॉप शेजारी ठेवले की लगेच कळते.

आता मेमरी, म्हणजे रॅम: एका वेळी उघडलेली कामे जिथे मावतात ती जागा. या विषयावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी स्वतःची फसगत येथेच झाली. काही वर्षांपूर्वी मी ४ जीबी मेमरीचा एक हलका, देखणा लॅपटॉप घेतला. ‘पुढे वाढवता येईल’ असे मला दुकानात सांगण्यात आले आणि मी ते तपासले नाही. वर्षभराने मागचे झाकण उघडले तेव्हा मेमरी बोर्डावरच डाख लावून बसवलेली होती आणि दुसऱ्या कार्डासाठी जागाच नव्हती. चांगला स्क्रीन, चांगला की-बोर्ड आणि धडधाकट बॅटरी असलेले ते यंत्र केवळ मेमरीपायी बाजूला ठेवावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून दुकानात चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करावे आणि उजवीकडे खाली काय लिहिले आहे ते वाचावे. तेथे ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘एसओडिम’ असेल तर ते काढता-घालता येणारे कार्ड आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर मेमरी बोर्डावर पक्की बसवलेली आहे. काही लॅपटॉपांत ८ जीबी बोर्डावर असते आणि शेजारी एक स्लॉट मोकळा असतो, म्हणून त्या मॉडेलच्या कंपनीच्या पानावर मेमरी जास्तीत जास्त किती वाढते हेही घरूनच वाचून जावे.

आजच्या घडीला विंडोज ११ आणि ब्राउझरची दहा-बारा पाने यांतच ८ जीबीतील बराचसा भाग भरतो आणि काही भाग स्क्रीनवरील चित्रासाठी आधीच राखलेला असतो. घरगुती वापराला ८ जीबी चालते. रोजीरोटीच्या कामाला मी १६ जीबी धरते, किंवा किमान ती करता येण्याची सोय तरी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्यामुळे २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले. त्यामुळे ‘पुढे बघू’ असे न म्हणता ८ जीबीच्या जादा कार्डाचा आजचा भाव त्याच कोटेशनमध्ये लिहून मागावा आणि मगच दोन्ही किमतींची तुलना करावी.

प्रोसेसरच्या नावात फसायला फार जागा आहे. समजा, आपल्या एका कोटेशनवर एएमडी कंपनीचा ‘रायझन ५ ७५२०यू’ आहे आणि दुसऱ्यावर इंटेलचा ‘कोअर आय३-१२१५यू’. पाच हा आकडा तीनपेक्षा मोठा, म्हणून पहिला लॅपटॉप वरच्या दर्जाचा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात एएमडीच्या लॅपटॉपांच्या ७०००च्या मालिकेत चार अंकी क्रमांकातील तिसरा अंक आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते सांगतो. ७५२०मधला २ म्हणजे झेन २, आणि ही रचना बाजारात २०१९मध्ये आली. ७५३०मधला ३ म्हणजे झेन ३. एका अंकाचा हा फरक कागदावर डोळ्यांत भरत नाही, पण ७५२०यूला चार कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे चार भाग, आहेत आणि ७५३०यूला सहा. इंटेलच्या १२१५यूमध्ये दोन वेगवान आणि चार काटकसरी असे सहा कोअर आहेत, आणि एका वेळी एकच काम भराभर उरकण्यात, म्हणजे एक्सेलचे सूत्र मोजण्यात किंवा पोर्टलचे पान उघडण्यात, तो ७५२०यूच्या स्पष्टपणे पुढे आहे. शिवाय ७५२०यूला जी मेमरी चालते ती बोर्डावरच बसवलेली असते. म्हणून दोन्हींत ८ जीबी असेल आणि आय३च्या लॅपटॉपमध्ये एक स्लॉट मोकळा असेल, तर हिशेबाच्या कामासाठी मी तो आय३ निःसंकोच घेईन. ७५२०यूचा लॅपटॉप मुळातच १६ जीबीचा मिळत असेल आणि काम ब्राउझर, पत्रे व ऑनलाइन तास एवढेच असेल, तर मात्र तोही वाईट नाही. सेलेरॉन एन४५००सारखा दोनच कोअरचा प्रोसेसर कामाच्या लॅपटॉपात घेऊ नये, मग किंमत कितीही मोहात पाडो.

स्क्रीनही नंतर परवडेल अशा खर्चात बदलत नाही. १३६६ गुणिले ७६८ आणि १९२० गुणिले १०८० हे आकडे नुसते वाचून काही कळत नाही. पहिल्यात सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात आणि दुसऱ्यात सुमारे पावणेएकवीस लाख, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तीच एक्सेल फाइल दोन्हींवर उघडून किती ओळी दिसतात ते मोजावे. त्यानंतर लॅपटॉपचा स्क्रीन मागेपुढे कलता करून पाहावा. स्वस्त टीएन पॅनेलवर वरून पाहिले की रंग फिके पडतात आणि खालून पाहिले की अक्षरे काळवंडतात. आयपीएस पॅनेलवर असे होत नाही. शेजारी बसलेल्या कारखानदाराला ताळेबंद दाखवताना हा फरक रोज जाणवतो. शक्य असेल तर दुकानदाराला विनंती करून दोन्ही लॅपटॉप दाराजवळच्या उजेडात न्यावेत. आमच्या घरी काम सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून होते आणि समोरून रस्त्याचा उजेड येतो; २५० निट्सचा (निट हे स्क्रीनच्या उजेडाचे माप) स्क्रीन तेथे सकाळी अकरानंतर डोळे आक्रसून पाहावा लागतो, ३०० निट्सचा निभावतो. चकचकीत काचेसारख्या स्क्रीनपेक्षा अँटी-ग्लेअर घ्यावा.

की-बोर्डवर दहा ओळी टाइप करून पाहाव्यात आणि हिशेबाचे काम असेल तर उजवीकडे वेगळा नंबर पॅड आहे की नाही ते पाहावे, १५.६ इंची लॅपटॉपांत तो बहुधा असतो, १४ इंचींत बहुधा नसतो. मराठीत लिहिणाऱ्यांनी विंडोजमध्ये मराठी की-बोर्ड जोडून आपले पत्र उघडून पाहावे, आणि जुन्या फाँटमधील फायली असतील तर ते सॉफ्टवेअर विंडोज ११वर चालते का, हे ज्यांच्याकडून घेतले त्यांना विचारावे. झाकण एका हाताने, एका कोपऱ्याला धरून उघडावे. बिजागरीपाशी करकर आली किंवा प्लास्टिक वाकले तर तो लॅपटॉप बाजूला ठेवावा. टोकन, माउस आणि प्रिंटर एकाच वेळी लावता येतील इतकी यूएसबीची तोंडे हवीत.

एसएसडीच्या, म्हणजे फायली साठवणाऱ्या डिस्कच्या, आकाराची चिंता कमी करावी. ५१२ जीबी पुरते, पुढे बदलता येते, आणि विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसली तर कोणी फसवले असे समजू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या, एवढाच तो फरक आहे. बॅटरीबाबत ‘दहा तास चालते’ हे वाक्य बाजूला ठेवून वॉट-अवरचा आकडा विचारावा. ४२ वॉट-अवरच्या बॅटरीवर सरासरी सात वॉटचे काम केले तर सहा तास मिळतात, आणि उजेड पूर्ण ठेवून दहा वॉट खर्च झाले तर चार तासांच्या जरा वर.

कोल्हापुरात राहणाऱ्यांनी दोन गोष्टी आणखी पाहाव्यात. मे महिन्यात वळीव आला की वीज जाते, म्हणून चालू कामात निदान दोन-तीन तास टिकेल अशी बॅटरी ही येथे गरज आहे. दुसरी गोष्ट धुळीची. उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथे कारखान्याच्या शॉपमध्येच टेबल असेल, तर लोखंडाचा बारीक कीस आणि फौंड्रीची वाळू पंख्यातून आत ओढली जाते. तो कीस विजेचा वाहक असल्याने साध्या घरधुळीपेक्षा घातक आहे. अशा ठिकाणी हवा आत घेणाऱ्या जाळ्या तळाला कोठे आहेत आणि मागचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते का, हे पाहून घ्यावे. चार्जर तीन पिनांचा असेल तर तो दोन पिनांच्या जोडणीतून लावू नये. अर्थिंग नसले की पत्र्याच्या झाकणाला हात लावताच झिणझिण्या येतात, आणि लोक लॅपटॉपला दोष देत बसतात.

दुकानात जाण्यापूर्वी एक फोन दोन्ही कंपन्यांच्या ग्राहक सेवेला करावा आणि आपला पिनकोड सांगून विचारावे की वॉरंटीत माणूस घरी येतो की लॅपटॉप केंद्रावर न्यावा लागतो, आणि ते केंद्र कोल्हापुरात आहे की पुण्यात. दोन लॅपटॉप बाकी सर्व बाबतींत सारखे वाटले, तर माझ्या मते या एका उत्तरावर निर्णय करावा. दुकानदाराने जादा मेमरी टाकून दिली तर वॉरंटी राहते का, हेही त्याच फोनवर विचारावे.

पैसे देताना पक्के बिलच मागावे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ३५,००० रुपये मूळ किंमत असेल तर कर ६,३०० आणि एकूण ४१,३०० होतात. व्यवसायाची नोंदणी असेल आणि लॅपटॉप व्यवसायासाठीच असेल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक दुकानातच घालून घ्यावा, म्हणजे त्या ६,३०० रुपयांचे इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून तेवढी वजावट, घेता येते. बिल एकदा नुसत्या नावाने फाटले की दुरुस्तीसाठी हेलपाटे पडतात. बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक आणि सीरियल नंबर असावा, आणि तो खोक्यावरच्या व लॅपटॉपच्या तळाच्या नंबरशी काउंटरवरच जुळवावा. मायक्रोसॉफ्ट ऑफिस सोबत मिळते असे सांगितले असेल तर ते कायमचे आहे की एका वर्षाचे, हे लिहून घ्यावे. विंडोज नसलेला लॅपटॉप स्वस्त दिसतो, पण परवान्याची किंमत धरून मगच तुलना करावी. कोणी जुना लॅपटॉप स्वस्तात देत असेल तर विंडोज १०चा आधार (मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, हे लक्षात ठेवावे.

घरी आल्यावर त्याच रात्री कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख पाहावी. ती बिलाच्या तारखेपासून धरलेली नसेल तर बिल अपलोड करून दुरुस्त करून घ्यावी. बिलाचा फोटो स्वतःला ई-मेल करून ठेवावा. २०१९च्या पुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीपर्यंत पाणी आले, तेव्हा माझ्याकडच्या एका कारखानदाराच्या तळमजल्यावरील कपाटातील सगळी बिले लगदा झाली होती. खोके महिनाभर टाकू नये आणि पहिल्या आठवड्यातच, परत करण्याची मुदत संपण्याआधी, कागदावर लिहिलेला तो धावपळीचा दिवस एकदा पूर्ण या लॅपटॉपवर काढून पाहावा.